कणकेचा कोंबडा आणि परभणीचा ताम्रपट



गेले दोन लेख चातुर्मासातल्या स्वयंपाकावर झाले. आज थोडं इतिहासात शिरू या. वाट स्वयंपाकघरातूनच जाते, तेव्हा कंटाळू नका.

आमचं अंबाजोगाई कसं आहे ते बाहेरगावच्या मैत्रिणींसाठी आधी सांगते. इथं योगेश्वरी आहे. कोकणातल्या चित्पावनांची ती कुलस्वामिनी, त्यामुळं पार पुण्यामुंबईहून लोक ओटी भरायला येतात. जयंती नदीकाठी हत्तीखाना लेणी आहेत, अंगणात दगडी हत्ती उभे. गावाबाहेर मुकुंदराजांची समाधी आहे. शके १११० म्हणजे ११८८ साली त्यांनी ‘विवेकसिंधु’ लिहिला आणि मराठीतला आद्य ग्रंथ म्हणून त्याचं नाव घेतात. दासोपंतांची समाधी आहे. त्यांची पासोडी तुम्ही ऐकली असेल: चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर लिहिलेलं वेदांताचं विवेचन. निजामाच्या काळात गावाचं नाव मोमिनाबाद होतं, मशिदी आणि दर्गे आहेत. आणि या सगळ्यांत आपली मंदिरं. पहाटे अभिषेकाला निघालं की अजान, काकडआरती आणि आपली घंटा, तिन्ही कानावर पडतात.

यांतला प्रत्येक जण आपल्या जागी प्रामाणिक आहे. मुकुंदराज काय कमी बुद्धीचे होते? दासोपंतांनी नुसत्या गीतेवर सव्वा लाख ओव्या लिहिल्या. एवढी शहाणी, सज्जन माणसं जगाच्या मुळाबद्दल आपल्यापेक्षा वेगळं मानतात, तर माझं मानणं खरं कशावरून? मी जैन घरात जन्मले म्हणून? मग शेजारच्या घरात जन्मले असते तर?

या प्रश्नाला दोन तयार उत्तरं मिळतात. एक म्हणजे ‘सगळे धर्म सारखेच’. हे ऐकायला बरं वाटतं, पण खरं नाही. जगाचा कर्ता आहे म्हणणारा आणि नाही म्हणणारा, दोघांचं एकच म्हणणं आहे असं सांगणं म्हणजे दोघांचंही न ऐकणं. दुसरं उत्तर ‘बाकी सगळं मिथ्यात्व, तिकडं बघूच नये’. हे शेजारपाजार असलेल्या गावात दोन दिवससुद्धा टिकत नाही. संध्याकाळी शेजारीण प्रसादाची वाटी घेऊन दारात येते तेव्हा काय करायचं?

या दोन उत्तरांच्या मधली जागा कुणी विचारपूर्वक शोधली का, हे धुंडाळताना मला आचार्य सोमदेवसूरी सापडले. आणि तेही आपल्या मराठवाड्याच्या पत्त्यावर.

परभणी इथून काही लांब नाही. परळी, गंगाखेड करत माणूस दुपारच्या जेवणाला पोचतो. या परभणीला एक ताम्रपट सापडला आहे, शके ८८८ चा, म्हणजे इ.स. ९६६. राजा अरिकेसरी, वेमुलवाड्याच्या चालुक्य घराण्यातला, राष्ट्रकूटांचा मांडलिक. वेमुलवाडा आज तेलंगणात आहे आणि तिथलं शंकराचं राजराजेश्वर मंदिर प्रसिद्ध आहे. या राजाच्या वडिलांनी तिथं शुभधाम नावाचं जिनालय बांधलं होतं. त्याच्या डागडुजीसाठी, चुन्याच्या रंगसफेदीसाठी आणि पूजेच्या नैवेद्यासाठी राजानं एक गाव दान दिलं, ते सोमदेवांच्या हाती. कॉमर्सची पदवीधर असल्यामुळं मला या तपशिलाचं फार बरं वाटलं. आचार्यांची विद्वत्ता एका बाजूला आणि चुन्याचा खर्च कुठून भागणार याची नोंद दुसऱ्या बाजूला, एकाच पत्र्यावर.

याच्या सात वर्षं आधी, शके ८८१ म्हणजे ९५९ साली, सोमदेवांनी गंगाधारा नावाच्या गावी ‘यशस्तिलकचंपू’ पूर्ण केला होता. तेव्हा आपला मराठवाडा आणि ते वेमुलवाडा दोन्ही राष्ट्रकूट सम्राट तिसऱ्या कृष्णाच्या छत्राखाली होते. त्या राज्यात शैव होते, वैष्णव होते, बौद्ध होते, कौल-कापालिक होते आणि जैनही होते. राजवाड्यातसुद्धा एकाच छपराखाली वेगवेगळी दैवतं पुजली जात. म्हणजे आपण ‘आजकाल सगळं मिसळलंय’ म्हणून जो सुस्कारा टाकतो, तो हजार वर्षं जुना आहे.

त्याच वेमुलवाड्याच्या दरबारात सोमदेवांच्या थोडं आधी कन्नडचा आदिकवी पंप होऊन गेला. त्याचं घराणं मूळचं ब्राह्मण, वडिलांनी विचार करून जैन धर्म घेतला. पंपाचे दोन ग्रंथ आहेत. ‘आदिपुराण’ आदिनाथ भगवंतांवर आणि दुसरा महाभारतावर. तो स्वतःच सांगतो की एकात जिनागम दाखवला आहे, दुसऱ्यात लौकिक. हा ‘लौकिक’ शब्द लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

‘यशस्तिलक’ हा अवघड संस्कृत ग्रंथ. मला तो मिळाला तो तुकड्यातुकड्यांनी. त्यातला श्रावकांसाठीचा भाग ‘उपासकाध्ययन’ नावानं पं. कैलाशचंद्र शास्त्रींनी हिंदीत आणला. आणि संपूर्ण ग्रंथावरचा मोठा अभ्यास केला आसामच्या कृष्णकांत हंदिकी यांनी, जे गुवाहाटी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. गंमत म्हणजे त्यांचं इंग्रजी पुस्तक १९४९ साली छापलं आपल्या सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेनं. जन्मानं जैन नसलेला आसामी पंडित आयुष्यातली वर्षं खर्चून जैन आचार्याचा ग्रंथ उलगडतो आणि सोलापूरचे श्रावक तो छापतात. धर्म वेगळे असून एकमेकांचं नीट समजून घेता येतं, याला आणखी काय पुरावा हवा?

आता कथा. यशोधर राजाची गोष्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी पर्युषणात ऐकली असेल. पुष्पदंतांनी ती अपभ्रंशात लिहिली, जन्नानं कन्नडात, मध्ययुगात मेघराज कवीनं ‘जसोधर रास’ म्हणून मराठीत आणली. सोमदेवांच्या ग्रंथाचा कणा हीच कथा आहे.

उज्जयिनीचा राजा यशोधर. राणीनं केलेला विश्वासघात त्याला कळतो, मन संसारातून उठतं. आईला खरं कसं सांगणार? वाईट स्वप्न पडलं, असं निमित्त तो सांगतो. आई चंद्रमती घाबरते. म्हणते, देवीला बळी दे, स्वप्नाचं फळ टळेल. तो म्हणतो, मी जीव घेणार नाही. (राणीचं चित्र या कथेत एकाच रंगानं रंगवलेलं आहे आणि मला ते कधीच पटलेलं नाही. पण तो वेगळ्या लेखाचा विषय.)

पुढं आई आणि मुलगा यांच्यात जो वाद होतो, तो सोमदेवांनी पानंच्या पानं लिहिला आहे, आणि मला सगळ्यात मोठं वाटतं ते हे की त्यांनी आईला मूर्ख केलेलं नाही. ती मुद्द्याचं बोलते. या दिगंबरांच्या धर्मात देवांचं, पितरांचं तर्पण नाही, स्नान नाही, होम नाही, श्रुती-स्मृतीत याला आधार नाही, पूर्वीच्या युगांत याचं नाव कुणी ऐकलं नव्हतं, हा तर कलियुगातला नवा पंथ, तुझं मन तिकडं गेलं तरी कसं? विचार करा, ही वाक्यं आजही जशीच्या तशी घराघरात बोलली जातात, फक्त धर्मांची नावं बदलून. आपला तो जुना, दुसऱ्याचा तो नवा. आपल्याला ग्रंथाचा आधार, दुसऱ्याला नाही.

मुलगा चिडत नाही. तो एकेक मुद्दा घेतो. श्रावकांना स्नान आहे, पूजा आहे. धर्माचं जुनेपण दाखवायला तो साक्षीदार आणतो ते आपल्या घरचे नाहीत, समोरच्या बाजूचे आणतो. वराहमिहिरासारख्यांच्या ग्रंथात अर्हतांच्या मूर्तीचा उल्लेख आहे, तो सांगतो. ही वादाची रीत मला फार आवडते. माझ्या आगमात लिहिलंय म्हणून तू मान, असं तो आईला म्हणत नाही, कारण तिला तो आगम मान्यच नाही. दोघांनाही चालेल अशा वहीतली नोंद काढून दाखवतो.

तरी वाद सुटत नाही. वादानं आई कधी बदलली आहे? शेवटी तडजोड होते: खरा कोंबडा नको, कणकेचा करू. पिठाचा कोंबडा बनवला जातो, राजा त्याच्यावर तलवार चालवतो, आई त्या पिठाचा प्रसाद करून वाढते. एका थेंबाचीही हिंसा नाही. आणि तरीही कथा म्हणते की या कृत्याचं फळ दोघांनाही भोगावं लागलं. राणी दोघांना विष देते आणि मग मोर, कुत्रा, मासा, बकरा असे जन्म घेत घेत शेवटी ती दोघं खरोखरच कोंबड्यांच्या जन्माला येतात. कारण पीठ कापताना मनात ‘मी जीव अर्पण करतो’ हा संकल्प होता.

आपल्या घरांत लहान मुलांना प्राण्यांच्या आकाराची बिस्किटं देत नाहीत, वाढदिवसाचा केक सशाचा-अस्वलाचा आणत नाहीत. नवीन सुनांना आणि नातवंडांना हा हट्ट वाटतो. त्याचं मूळ हा कणकेचा कोंबडा आहे. कुणी कारण विचारलं तर गोष्ट सांगा, नुसतं ‘आपल्यात चालत नाही’ म्हणू नका.

पण मला या कथेत एक टोचणी आहे. आईचं काय चुकलं? तिला जे खरं वाटत होतं ते तिनं मुलाच्या मायेपोटी केलं. तिला कुणी दुसरं शिकवलंच नव्हतं. प्रामाणिकपणे चुकीचं मानणाऱ्या माणसाला तेवढीच शिक्षा? मुलाचं समजू शकते. त्याला कळत होतं आणि तरी त्यानं तलवार उचलली. सोमदेवांच्या कथेत मला याचं उत्तर मिळालं नाही. मिळालं ते त्यांच्याच ग्रंथात पुढं, श्रावकाचाराच्या भागात. तिथं जायच्या आधी एक पायरी आहे.

सहाव्या आश्वासाच्या सुरुवातीला सोमदेव मोक्षाबद्दल त्या काळी जी जी मतं होती ती ओळीनं मांडतात. वैशेषिक काय म्हणतात, पाशुपत काय म्हणतात, कौल, सांख्य, बौद्ध, मीमांसक, वेदांती, अगदी परलोकच न मानणारे चार्वाकसुद्धा. आधी प्रत्येकाचं म्हणणं, मग आपली हरकत. हरकतींचा गाभा घरगुती भाषेत सांगायचा तर असा: नुसती श्रद्धा पुरत नाही, नुसतं ज्ञान पुरत नाही, नुसती क्रियाही पुरत नाही. औषधाचं नाव माहीत असून आजार जात नाही, वैद्यावर विश्वास असूनही जात नाही, आणि कुठलंही औषध डोळे मिटून घेतलं तर आणखी बिघडतं. म्हणजे विश्वास योग्य की अयोग्य, हे नुसतं डोक्यात ठरत नाही. श्रद्धा, ज्ञान आणि आचरण तिन्ही एका दोरीत बांधलेली हवीत.

श्रद्धेची परीक्षा करायची ही रीत सोमदेवांच्याही आधीची. समंतभद्राचार्यांची ‘आप्तमीमांसा’ तर भगवंतांचीच परीक्षा घेते. देव दर्शनाला येतात, आकाशात विहार होतो, चामरं ढळतात म्हणून तुम्ही थोर, असं मी मानत नाही, हे सगळं जादूगारही दाखवतात, असा तिचा सूर आहे. मग थोर का? तर तुमचं बोलणं युक्तीला आणि शास्त्राला सोडून नाही म्हणून. भगवंतांना उद्देशून असं लिहायला केवढं धैर्य लागत असेल!

आणि आपल्या बायकांची परीक्षा म्हणजे रेवती राणी. सम्यक्त्वाच्या आठ अंगांतलं अमूढदृष्टी हे अंग, त्याचं उदाहरण म्हणून तिचं नाव घेतात. सोमदेवांनीही ही कथा घेतली आहे. मथुरेत एक विद्याधारी क्षुल्लक तिची परीक्षा बघायला येतो. एका दिवशी वेशीवर ब्रह्मदेव होऊन बसतो, मग विष्णू, मग शंकर. गाव लोटतं, राणी जात नाही. शेवटी तो चक्क तीर्थंकराचं रूप घेतो, समवसरणासकट. आता तर जैन मंडळीसुद्धा धावली. रेवती तरी जात नाही. तिचा हिशेब साधा: तीर्थंकर चोवीस, ते होऊन गेले, हा पंचविसावा कुठून आला? मला वाटतं या कथेतली खरी परीक्षा पहिल्या तीन दिवसांची नव्हतीच. दुसऱ्याच्या देवाला न भुलणं सोपं असतं. चौथ्या दिवशी आपल्याच वेषात आलेल्या खोट्याला ओळखणं अवघड. आज मोबाईलवर ‘हा मंत्र अकरा जणींना पाठवा’ असे आपल्याच भगवंतांचे फोटो लावून निरोप येतात. तुम्ही काय करता?

आता कुणी म्हणेल, रेवतीनं चोवीस हा आकडा आणला कुठून? शास्त्रातूनच ना? मग शास्त्र खरं कशावरून? तर शास्त्र सांगणारे खरे म्हणून. हे तर गोल फिरणं झालं. हरकत बरोबर आहे आणि ती फक्त आपल्याला लागू नाही. वेदांत्याला, मीमांसकाला, मौलवींना, सगळ्यांना लागू आहे. युक्तीनं प्रत्येक जण काही पायऱ्या चढतो आणि मग एका ठिकाणी विश्वास टाकतो. समंतभद्रांचं मोठेपण एवढंच की विश्वास टाकायच्या आधी जेवढ्या पायऱ्या चढता येतात तेवढ्या त्यांनी चढायला लावल्या. माझ्यापुरतं मी असं ठरवलं आहे: मी तपासलं आहे, अजून तपासायची तयारी आहे, आणि जे मानते त्याप्रमाणे वागायचा प्रयत्न आहे. एवढ्यावर माझं मानणं शहाणपणाचं ठरतं. त्यासाठी शेजारीण वेडी ठरायची गरज नाही. तिनंही तपासलं असेल.

इथं ‘अनेकांत’ आठवल्याशिवाय राहत नाही. आजकाल व्याख्यानांत अनेकांत म्हणजे ‘सगळ्यांचंच बरोबर’ असं सांगतात, आणि हत्ती व आंधळ्यांची गोष्ट जोडतात. ती गोष्ट बौद्धांच्या ‘उदान’ ग्रंथातही आहे. पण तिच्यात एक जण डोळस असतो, ज्याला हत्ती पूर्ण दिसतो, नाहीतर ती गोष्ट सांगणार कोण? आपल्या परंपरेत तो डोळस म्हणजे केवलज्ञानी. जुन्या आचार्यांनी अनेकांत वापरला तो मुख्यतः समोरच्याचं मत एकांगी कसं आहे हे दाखवायला. त्याला ‘बौद्धिक अहिंसा’ म्हणायची पद्धत अलीकडची, आनंदशंकर ध्रुव यांनी १९३३ साली ‘स्याद्वादमंजरी’ संपादित केली तेव्हापासूनची. नाव सुंदर आहे, मलाही आवडतं. फक्त ते प्राचीन आहे असं सांगू नये.

मी अनेकांत शिकले तो खरं तर बँकेच्या पासबुकातून. बँकेत पाचशे रुपये भरले की पासबुकात ते ‘जमा’ बाजूला दिसतात. आपल्या घरच्या खतावणीत मात्र तेच पाचशे बँक खात्याच्या ‘नावे’ बाजूला लिहायचे. पहिल्या वर्षाच्या वर्गात निम्म्या मुलींचा इथं गोंधळ व्हायचा. व्यवहार एक, नोंदी उलट, दोन्ही बरोबर, कारण लिहिणारा कुठं बसला आहे ते वेगळं. हे झालं ‘कथंचित्’. पण कुणी पाचशेच्या जागी पाच हजार लिहिले, तर ‘माझ्या दृष्टीनं पाच हजार’ असं म्हणता येत नाही. तिथं बँक जुळवणी पत्रक काढून चूक शोधावीच लागते. धर्माधर्मांतले काही फरक जमा-नावेचे आहेत आणि काही पाचशे-पाच हजारांचे. सगळेच पहिल्या जातीचे म्हणणारा आळशी, सगळेच दुसऱ्या जातीचे म्हणणारा भांडकुदळ.

मग रोजच्या जगण्यात कसं निवडायचं? सोमदेवांचा नियम इथं येतो. ते म्हणतात, गृहस्थाचा धर्म दोन प्रकारचा, लौकिक आणि पारलौकिक. पारलौकिक गोष्टींत आपल्या आगमावर चालावं. लौकिक गोष्टींत लोकांची रीत जैनांनाही मान्य आहे, दोन अटींवर. तिच्यामुळं सम्यक्त्वाला बाध येऊ नये आणि घेतलेल्या व्रतांना डाग लागू नये. बस. लग्नाच्या रिती, गावचे सण, पाहुण्याचं आगतस्वागत, सगळं या दोन चाळण्यांतून गाळून घ्यायचं.

पण हेच सोमदेव मूढतांची यादीही देतात आणि ती वाचून मी दचकले. सूर्याला अर्घ्य, ग्रहणातलं स्नान, संक्रांतीला द्रव्य वाटणं, धर्मबुद्धीनं नदी-समुद्रात बुडी मारणं, झाडांना नमस्कार, शस्त्रांची पूजा. अहो, संक्रांतीचं वाण तर आपण सगळ्याच लुटतो! मग नियम खरा की यादी खरी? दोन-तीनदा वाचल्यावर लक्षात आलं की किल्ली त्या ‘धर्मबुद्धीनं’ या शब्दात आहे. बायकांनी एकत्र यावं, तिळगूळ द्यावा, प्लॅस्टिकचा डबा वाटावा, हा लोकव्यवहार. याच दिवशी दिलं तरच पुण्य आणि न दिलं तर सौभाग्याला धोका, असं मनात आलं की मूढता. आणि हाच तर कणकेच्या कोंबड्याचा न्याय आहे, उलट्या बाजूनं! तिथं निर्दोष पीठ संकल्पामुळं हिंसा झालं. इथं संकल्प नसेल तर वाण निव्वळ वाण राहतं.

यावर तुम्ही लगेच म्हणाल की ‘हे तर फक्त लौकिक आहे हो’ म्हणून काहीही खपवता येईल. येतंच. आपण खपवतोच. म्हणून दुसरी चाळणी आहे. सम्यक्त्व मनातलं, ते बाहेरच्याला दिसत नाही आणि स्वतःलाही फसवता येतं. व्रत मात्र दिसतं. रात्री नऊला जेवण असेल तर रात्रिभोजनत्याग मोडतो की नाही, यात दृष्टीचा प्रश्न नाही.

शासनदेवतांबद्दलही सोमदेव स्पष्ट आहेत. आपल्या सैतवाळ घरांत पद्मावतीमातेची ओटी भरतात. सोमदेव म्हणतात, या देवता शासनाच्या रक्षक, त्यांना पूजेत मानाचा वाटा द्यावा, पण भगवंतांना आणि त्यांना एकाच पायरीवर बसवलं तर खाली जाल. हे वाचून काही मैत्रिणींना राग येईल, काहींना आपली बाजू सापडल्यासारखं वाटेल. दोघींनीही पूर्ण वाक्य वाचावं.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हा लेख लिहायला बसले. मूढतांची एवढी यादी देऊन झाल्यावर सोमदेव म्हणतात की इतकं करूनही एखाद्याला मूढता पूर्ण सुटत नसेल, तर त्याला ‘मिश्र’ समजून सामावून घ्यावं. त्याचं होतं नव्हतं ते सगळंच घालवणं काही बरं नाही. हा तोच माणूस ज्यानं चंद्रमतीला कोंबडीचा जन्म दिला. कथा लिहिताना त्यांना भीती घालायची होती, आचार सांगताना माणसं टिकवायची होती. चंद्रमतीला न्याय मला इथं मिळाला.

आमची थोरली सून वारकरी घरातली. माळ आहे, एकादशी आहे. लग्न ठरताना दोन्हीकडच्या मोठ्यांनी बरंच ऐकवलं, आमच्याकडच्यांनी जरा जास्त. घरात आल्यावर पंधरा-वीस दिवसांनी तिनं सरळ विचारलं, “आई, मी संध्याकाळी हरिपाठ म्हटला तर तुमच्या सम्यक्त्वाला काही होतं का?” शब्द तिनं बरोबर वापरला होता, कुठून तरी वाचून आली होती. मी म्हटलं, “माझ्या सम्यक्त्वाची काळजी मी घेईन. तू म्हण.” मग तिनं विचारलं, “आणि मी मंदिरात तुमच्यासोबत आले तर ते खोटं ठरेल का?” याला मला दोन दिवस लागले. तिला सांगितलं की मनात नसताना हात जोडू नकोस, बघायला मात्र जरूर ये. ती येते, अभिषेकाच्या वेळी मागं बसते, हात जोडायचे की नाही ते तिचं ती ठरवते. सूर्यास्ताआधीचं जेवण तिनं स्वतःहून घेतलं, तब्येतीला बरं म्हणून. हे लौकिक की पारलौकिक, मी विचारत नाही. तिचा मुलगा णमोकारही म्हणतो आणि हरिपाठही. माझ्या काही मैत्रिणींना ही ढिलाई वाटते. सोमदेवांच्या शब्दात तो आत्ता मिश्र आहे. मोठा होईल, तपासेल.

यंदा खंडेनवमीला मात्र सूनबाईनंच मला पकडलं. दुकानात वजनकाट्याची आणि वह्यांची पूजा असते आणि हमाल मंडळी उंबऱ्यावर कोहळा फोडायला आणतात. सासऱ्यांच्या काळापासून आमच्याकडं कोहळा येतो पण फोडत नाहीत. बळी म्हणून आणलेला कोहळा आणि बळी म्हणून केलेला कोंबडा, फरक फक्त पिठाचा. हमालांना त्यांच्या हातगाडीपुढं त्यांचा नारळ वाढवायला पैसे देतो, तो त्यांचा धर्म. सूनबाई म्हणाली, “आई, कोहळ्याचा संकल्प वाईट, मग नारळाचा कसा चालतो? आणि पैसे तर आपण देतो!” सोमदेवांच्या यादीत नारळ काही मला सापडला नाही. कोहळा घरी आणला आणि दोघींनी मिळून त्याच्या वड्या केल्या. नारळाचं उत्तर तुमच्यापैकी कुणाकडं असेल तर कळवा.